पाळणा हलण्याआधी

मृग लागण्याआधी शेतकरी तिफण तपासतो, दोर वळून ठेवतो, बियाणे निवडून बाजूला काढतो. पाऊस पडल्यावर सुताराकडे धावणाऱ्याला सारे गाव हसते. पण घरात बाळ यायचे असते तेव्हा हाच शहाणपणा पुष्कळ घरांत दिसत नाही. हाताशी नऊ महिने असतात, तयारी मात्र कळा सुरू झाल्यावर होते. गाडी कोणाची सांगायची, पैसे कोणाकडून आणायचे, जुनी लुगडी कोणत्या ट्रंकेत आहेत, ही शोधाशोध त्या रात्री सुरू होते.

काही घरी याच्या उलट होते. कापसाचे किंवा उसाचे पैसे हाती आलेले असतात, पहिलेच बाळ असते, हौस असते. तालुक्याच्या दुकानात दुकानदार एकेक वस्तू समोर मांडतो. दुधाची बाटली, पावडर-साबणाचा चकचकीत डबा, मोहरीची उशी, जाळीचे नायलॉनचे झगे, चाकांचा वॉकर. आता तर मोबाईलवरही ही दुकाने उघडतात आणि घरबसल्या वस्तू येते. पिशवी भरते, खिसा रिकामा होतो. मग बाळंतिणीच्या दुधा-अंड्याला आणि रात्रीच्या गाडीला पैसे उसने आणावे लागतात.

या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग तुम्हाला सांगायचा आहे. नवजात बाळाला पहिल्या महिन्यात चारच गोष्टी लागतात: ऊब, स्वच्छता, आईचे दूध आणि गरज पडल्यास वेळेवर दवाखाना. बाजारातली कोणतीही वस्तू हातात घेतलीत, की एवढेच विचारा, ही या चारांपैकी कशाच्या कामाची? उत्तर मिळाले तर घ्या. नाही मिळाले तर खाली ठेवा.

“आधी काही आणू नये” म्हणतात, त्याचे काय?

आपल्याकडे पुष्कळ घरांत जुनी माणसे म्हणतात, बाळ येण्याआधी पाळणा आणू नये, नवे कापड शिवू नये, दृष्ट लागते. सुनेला वाटते सासूबाई उगाच अडवतात. सासूबाईंना वाटते सुनेला धीर नाही. पण या रूढीमागचे दुःख समजून घ्यायला हवे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी सहा-सात बाळंतपणांत दोन-तीन मुले हाती लागत नसत. आणून ठेवलेला पाळणा रिकामा राहिला, तर तो घरात बघवत नसे. म्हणून ही रीत पडली.

याच रूढीच्या जोडीला दुसरी चांगली रीत आहे. पाचवीपर्यंत, कुठे बारशापर्यंत, बाळाला जुनेच कापड घालायचे. म्हणजे नवे काही न आणताही पूर्ण तयारी करता येते. घरातले जुने, शंभर वेळा धुऊन मऊ झालेले सुती लुगडे आणि धोतर यांच्याइतके चांगले कापड तान्ह्या बाळाला दुसरे नाही. त्याला खळ नसते, कच्चा रंग नसतो, ते ओल शोषून घेते. सातव्या-आठव्या महिन्यात सासू-सुनांनी दुपारी बसून हे काम उरकावे. सासूबाईंचे मन राखले जाते आणि बाळाचीही सोय होते. पाळणा, वाळे, मनगट्या, नवी कुंची हे सारे बाळंतविड्यात माहेराहून येईलच. त्याची घाई नाही.

कापड किती आणि कसे

तान्हे बाळ दिवसाकाठी दहा-बारा वेळा तरी लंगोट ओले करते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, हिवाळ्यात ऊन लवकर जाते. हे धरून हिशेब करावा. दोन डझन लंगोट, सहा झबली, चार-पाच दुपटी, दोन टोपडी, दोन जोड पायमोजे, दोन हलक्या गोधड्या आणि अंथरुणावर टाकायला एक मेणकापड. एवढ्यात पहिले दोन महिने आरामात निघतात. बाळ झपाट्याने वाढते, म्हणून लहान मापाची झबली याहून जास्त शिवू नका.

झबल्याला बंद लावा. गुंडी, टाचणी, टिकली, मणी नकोत. सुटलेली गुंडी बाळाच्या तोंडात जाते. टोपड्याचे बंद हनुवटीखाली घट्ट आवळू नका. गळ्यात दोरा, ताईत, साखळी घालूनच ठेवायची असेल, तर निदान झोपताना काढून ठेवा. झोपेत दोरा आवळला, तर बाळाला ओरडताही येत नाही.

सारे कापड गरम पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. मग घडी करून स्वच्छ सुती पिशवीत बांधा. पिशवीत डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. किडीची भीती वाटत असेल, तर वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो. कापड घालण्याआधी तेवढा झटकून घ्या.

बाजारचे तयार डायपर प्रवासाला किंवा दवाखान्याच्या रात्रीला उपयोगी पडतात. पण ते तीन-चार तासांत बदलावे लागतात. दिवसभर एकच ठेवले, तर जांघेत पुरळ उठते. घरी असताना लंगोटच बरा. वापरलेले डायपर ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, कुत्री ते गावभर पसरवतात.

ऊब: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मोलाची

नऊ महिने बाळ आईच्या पोटातल्या उबेत असते. बाहेर येताच ते ओलेचिंब असते आणि स्वतःचे अंग ऊबदार ठेवण्याची ताकद त्याच्यात कमी असते. मोठ्या माणसाला गोड वाटणारी पंख्याची झुळूकही त्याला गार पडते. म्हणून जन्मल्याबरोबर त्याला कोरडे पुसून गुंडाळायचे, डोक्यावर टोपडे घालायचे आणि आईच्या अंगाशी ठेवायचे. आंघोळीची घाई करायची नाही. पहिले 24 तास तरी आंघोळ नको. बाळ वजनाने कमी असेल, तर डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तोपर्यंत नुसते पुसून घ्यावे.

बाळ उबेत आहे की नाही, हे पाहायला हाताचा उलटा पंजा पुरतो. पोट गरम आणि पाय गरम, तर बाळ ठीक आहे. पोट गरम पण पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे, लगेच आईच्या छातीशी धरा. पोट आणि पाय दोन्ही गार, तर दवाखाना गाठा आणि वाटेतही बाळ आईच्या अंगाशीच ठेवा.

जन्मताच वजन अडीच किलोच्या आत भरले, तर त्या बाळाला अधिक जपावे लागते. अशा बाळासाठी जगातले एक उत्तम साधन तुमच्याच घरात आहे, ते म्हणजे आईची छाती. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देश आहे. त्याच्या बोगोटा शहरातल्या दवाखान्यात 1978-79 च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीवर उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपडे, वरून कापड गुंडाळलेले. बाळे वाचू लागली. कांगारूची मादी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवते, त्यावरून या रीतीला ‘कांगारू माता काळजी’ असे नाव पडले. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही ती शिकवली जाते. आई दमली तर बाप, आजी, मावशी कोणीही बाळाला असे छातीशी धरू शकते. त्यासाठी एक लुगडे एवढेच सामान लागते.

आपल्याकडचा दाखला हवा असेल, तर गडचिरोलीचा घ्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या 39 खेड्यांत गावच्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाला उबेत कसे ठेवावे, अंगावर कसे पाजावे, वजन कसे करावे, श्वास कसे मोजावेत, जंतुदोष कसा ओळखावा आणि त्यावर औषध कसे द्यावे, हे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या गावांशी तुलना करता, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे 2011 पासून देशभर आशाताईंकडे हेच काम आले. त्या खेड्यांतल्या झोपड्यांत काचेच्या पेट्या नव्हत्या. तिथे शिकलेले हात, थर्मामीटर, वजनकाटा, पांघरूण आणि मोजकी औषधे एवढेच होते.

थर्मामीटर मात्र घरात जरूर घ्या. आकडे दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर चांगला. नव्या वस्तूंच्या यादीत तो पहिला लिहा.

पाळणा घ्यावा की झोळी बांधावी?

दोन्ही चालतात. लाकडी पाळणा घरात असेल, तर तो उन्हात टाकून पुसून काढा. फळ्यांच्या फटींत बाळाची मान किंवा हात अडकणार नाही ना, खिळे वर आलेले नाहीत ना, हे पाहा. रंग उडत असेल तर खरवडून काढा. पोर मोठे झाले की कठडा चावते, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते.

झोळी बांधायची तर सुती लुगड्याची बांधा, नायलॉनच्या निसरड्या साडीची नको. ज्या वाशाला किंवा कडीला बांधणार, त्याला आधी घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या वजनाने लोंबकळून पाहावे. झोळी चुलीपासून, विजेच्या तारेपासून, भिंतीच्या खुंट्यांपासून दूर असावी आणि खाली जमिनीवर गोधडी असावी. कडबाकुट्टीच्या किंवा दळणाच्या यंत्राजवळ झोळी कधीही बांधू नका. मोठ्या भावंडांना झोळीत खेळू देऊ नका, दोरात मान अडकून मुले दगावतात. आपले बाळ कुशीवर वळू लागले, उठून बसू लागले, की झोळीचे दिवस संपले. मग त्याला खाली अंथरुणावर निजवा.

पाळण्यात असो की बाजेवर, बाळाला नेहमी उताणे निजवा. अंथरूण सपाट आणि जरा टणक असावे. डोक्याखाली उशी नको. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी घेतात, तीही नको. बाळ जागे असताना त्याला कधी या अंगावर, कधी त्या अंगावर घेतले, आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथे ठेवले, की डोके आपोआप आकार धरते. पाळण्यात जाड रजई, कापसाची खेळणी, लोंबणारे गोंडे ठेवू नका. त्यांनी नाक-तोंड झाकले जाते.

मच्छरदाणी मात्र हवीच. गोठा जवळ असलेल्या घरात तर पहिल्या दिवसापासून हवी. छत्रीसारखी उघडणारी लहान मच्छरदाणी बाजारात मिळते. ती नसेल तर आईच्या बाजेलाच मोठी लावा. डासांची अगरबत्ती बंद खोलीत बाळाजवळ जाळू नका.

दूध: गाईच्या वासराला कळते ते

तुमच्या गोठ्यात गाय व्याली, तर वासराला पहिल्या तासाभरात चीक पाजण्याची तुम्ही किती घाई करता! चीक न मिळालेले वासरू धरत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातले शेंबडे पोरही सांगेल. मग आपल्याच लेकराचा चीक ‘घाण दूध’ म्हणून पिळून का टाकायचा? ते पिवळसर घट्ट दूध थोडेच असते, पण रोगाशी लढण्याची ताकद त्यातच असते. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्या. सिझेरियन झाले असेल, तरी नर्सबाईंच्या मदतीने लवकरात लवकर घ्या. पुढे सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, गूळपाणी, गुटी काही नको. मध नैसर्गिक आणि चांगला खरा, पण त्यात एका जंतूचे बी असू शकते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात ते रुजून विष तयार होते आणि बाळ लुळे पडते.

म्हणून तयारीच्या सामानात बाटली घेऊ नका. बाटलीच्या बुचात आणि तळाशी साय चिकटून राहते, तिथे जंतू वाढतात आणि बाळाला हगवण लागते. शिवाय बाटलीची सवय लागली, की बाळ अंगावर नीट ओढत नाही, ओढले नाही की आईला दूधही कमी येते. आपल्या देशात 1992 साली कायदा झाला, त्याने बाळाच्या पावडरीच्या आणि बाटलीच्या जाहिरातीला बंदी आहे. पावडरीच्या डब्यावरही आईचे दूध सर्वांत चांगले, हे छापावे लागते. विकणाऱ्यालाच जे लिहून द्यावे लागते, त्यावर आपण विश्वास ठेवायला हरकत नाही.

काही कारणाने बाळाला ओढता येत नसेल, किंवा आईला शेतावर जावे लागत असेल, तर दूध हाताने पिळून उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात काढावे. गार जागी ते चार तास टिकते. ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. चोचीचे ते छोटे भांडे आजीच्या फडताळात कुठेतरी असेलच. ते घासून, उकळून घेता येते, त्यात कोपरे नसतात. नवजात बाळांच्या दवाखान्यांतही अशाच चोचीच्या वाटीने दूध पाजतात. आईच्या दुधावर बाळ जगत नाही असे डॉक्टरांनीच सांगितले, तरच वरचे दूध. शेजारणीच्या सांगण्यावरून नको.

आणि ‘दूध येत नाही’ म्हणून सुनेला बोल लावण्याआधी तिचे ताट पाहा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? बाळंतिणीला भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध, अंडे, शेंगदाणे, हळिवाची खीर, डिंकाचा लाडू असे चारीठाव मिळावे. पथ्याच्या नावाखाली तिला आठ दिवस नुसत्या भातावर ठेवू नका. पाणीही पोटभर द्या.

बाळंतिणीची खोली

खोलीला उजेड आणि हवा पाहिजे. वारा थेट अंगावर येत असेल, तर बाज कोपऱ्यात सरकवा, पण खिडकी बुजवू नका. शेक-शेगडी आणि धुरी यांची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. पण दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखारे ठेवणे धोक्याचे आहे. कोळशाच्या धगीतून एक विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेली आई आणि बाळ दोघेही त्यात दगावू शकतात. शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने आईने घ्यावा. धुरी बाळाला देऊ नये, त्याची छाती कोवळी असते. डोळ्यांत काजळ आणि नाका-कानांत तेल घालू नये. काही काजळांत शिसे असते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर तळपायाला लावा, तिथे ती हातावाटे डोळ्यांत जायची भीती कमी. नाळेवर राख, हळद, शेण, तेल काहीही लावू नका. ती कोरडी ठेवली, की आपोआप गळून पडते.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक गोष्ट पाहायची असते. पुष्कळ घरांत तीच खोली बाळंतिणीची आणि तीच खताच्या गोण्यांची असते. कीटकनाशकाच्या बाटल्या माळ्यावर, फवारणीचा पंप दाराआड. बाळ येण्याआधी हे सारे खोलीतून काढा आणि कुलपात ठेवा. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला, दुधाला, बाळाचे कपडे भिजवायला वापरू नका. खताची गोणी बाळाच्या अंथरुणाखाली घालू नका, त्यासाठी मेणकापड आणा.

गरोदर बाईने फवारणी करू नये, औषध कालवू नये, फवारणीचे कपडेही धुऊ नयेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. धडधाकट गड्याला जे विष बाधते, ते पोटातल्या बाळाला कसे सोसेल? बापाने फवारून आल्यावर आधी साबणाने आंघोळ करावी, कपडे बदलावेत, मगच बाळाला हात लावावा. ते कपडे त्याने स्वतःच वेगळे धुवावेत.

पैसा कुठे लावावा, कुठे लावू नये

न घेण्याच्या वस्तूंची यादी आपण जवळजवळ केलीच आहे: बाटली, पावडर, मोहरीची उशी, नायलॉनचे कपडे. अंगाला लावायची पावडरही त्यातच घाला, तिची भुकटी बाळाच्या श्वासात जाते. चाकांचा, आत बसवायचा वॉकर तर मुळीच नको. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून पडते, चुलीपर्यंत पोचते. कॅनडात 2004 साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच आली. मूल धरून उभे राहू लागले, की आपला लाकडी पांगुळगाडा सपाट अंगणात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली पुरे.

शासनाकडून मिळण्यासारखे काय आहे, तेही वेळेवर पाहा. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, दवाखान्यातले जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. म्हणून तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला मोटारसायकलवर बसवून आणू नका, गाडी हक्काने मागा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर 6000 रुपये मिळतात. त्यासाठी गरोदरपणाची नोंद लवकर झाली पाहिजे आणि आईच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले पाहिजे. 2019 साली महाराष्ट्र शासनाने सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर वगैरे वस्तूंचा संच देण्याची योजना काढली. आपल्या आरोग्य केंद्रात तो मिळतो का, हे आशाताईला किंवा अंगणवाडीताईला विचारा. मिळत असेल तर त्या वस्तू दुकानातून घेऊ नका.

असा संच देण्याची कल्पना फिनलंड देशातून जगभर गाजली. 1930 च्या दशकात तो देश गरीब होता आणि हजारी साठाहून अधिक बाळे वर्षाच्या आत दगावत. 1938 पासून तिथे गरीब गरोदर बायकांना आणि 1949 पासून सगळ्यांना कपड्यांची एक पुठ्ठ्याची पेटी सरकारकडून मिळू लागली. पेटीत तळाशी गादी असे आणि तीच बाळाचा पहिला पाळणा होई. पण 1949 पासून अट एकच, चौथा महिना संपण्याआधी दवाखान्यात तपासणी झालेली असली पाहिजे. पेटीच्या ओढीने बायका तपासणीला येऊ लागल्या. पुढे त्या देशातले बाळमृत्यू फार कमी झाले, त्यात या तपासणीचा मोठा हात होता. आपणही तपासणी चुकवू नये, हे त्या पेटीपासून शिकावे.

तयार पिशवी आणि तयार गाडी

आठवा महिना संपताना एक पिशवी भरून दाराजवळ टांगा. तिच्यात माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, तपासणीचे कागद, मोबाईलचा चार्जर. आईसाठी दोन सैल झगे, स्वच्छ सुती घड्या, चप्पल, पेला. बाळासाठी धुतलेली दोन दुपटी, टोपडे, चार झबली, डझनभर लंगोट. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे कार्ड कोयत्याइतकेच जपून सोबत न्यावे. ज्या गावी कोपी पडेल, तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेटावे. कार्ड पाहून ती पुढची तपासणी आणि लस मिळवून देऊ शकते.

108 क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असावा. त्याशिवाय गावातल्या दोन गाडीवाल्यांना आधीच सांगून ठेवा, एक नसला तर दुसरा. आईचा रक्तगट कार्डावर लिहिलेला असावा आणि वेळ आली तर रक्त द्यायला दोन माणसे ठरलेली असावीत. थोडी रोख रक्कम वेगळी बांधून ठेवा आणि तिला दुसऱ्या कामासाठी हात लावू नका.

बाळ दवाखान्यात जन्मले, की बीसीजी, पोलिओ आणि 24 तासांच्या आत कावीळ-ब ची लस दिल्याशिवाय घरी निघू नका. घरी आल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. ती आली नाही तर निरोप पाठवून बोलवा. तिच्याकडून बाळाचे वजन करून घ्या. यातले एकही चिन्ह दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, अंगारा लावून बसू नका, लगेच दवाखाना गाठा: बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले आहे, मिनिटाला श्वास 60 किंवा त्याहून जास्त आहेत, छाती आत ओढली जाते, झटके येतात, बाळ मलूल पडले आहे, तळहात-तळपाय पिवळे झाले आहेत, नाळेतून पू येतो आहे.

जमवाजमवीची छोटी यादी

घरात करायचे: लंगोट, झबली, दुपटी, टोपडी, गोधड्या, झोळीचे लुगडे, उकळलेले बोंडले किंवा वाटी-चमचा.

विकत घ्यायचे: थर्मामीटर, मेणकापड, मच्छरदाणी, साधा अंगाचा साबण, बाळाची नखे कापायची बोथट टोकाची कात्री, पायमोजे.

ठरवून ठेवायचे: दवाखाना, दोन गाड्या, दोन रक्तदाते, घरी राहिलेल्या मोठ्या मुलांना आणि जनावरांना पाहणारे माणूस.

खोलीतून काढायचे: खत, औषधे, पंप, रिकामे डबे, निखाऱ्याची शेगडी.

ही यादी कात्रून देवघराशेजारी चिकटवून ठेवा आणि एकेक काम झाले की खूण करा. बाराव्या दिवशी बारशाला पाहुणे येतील, कोणी चांदीचे वाळे आणील, कोणी झगा आणील. ते कौतुक हवेच, त्याने घराला शोभा येते. पण पाळण्यात गुटगुटीत बाळ आणि पाळण्याशेजारी उभी असलेली धडधाकट आई, ही तुमच्या आधीच्या दोन महिन्यांच्या तयारीची कमाई असेल. आठवा महिना लागला असेल, तर आज दुपारीच जुन्या लुगड्यांची ट्रंक उघडा.